दिवसभर ‘नाही नाही’ करून दमलेल्या आईला

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा तुमचा थकवा दिसला. म्हणजे तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मुलगा १७ महिन्यांचा आहे, आत्ता कुठे नीट चालायला लागलाय, आणि चालायला लागल्यापासून घरात एक वस्तू जागेवर नाही. ड्रॉवर उघडून सगळं बाहेर काढतो, चमचा दिला की खाली टाकतो, उचलून दिला की परत टाकतो, वायरी ओढतो, गॅसच्या बटणांपर्यंत हात पोचायला लागलाय, आणि ‘नाही’ म्हटलं की तुमच्याकडे बघून हसतो आणि तेच करतो. आजी म्हणतात एक धपाटा द्या म्हणजे कळेल, नवरा म्हणतो लहान आहे सोड ना, आणि तुम्ही दिवसभर ओरडून रात्री तो झोपला की वाईट वाटून घेत बसता. विचारलंय दोनच गोष्टी, हा मुद्दाम करतो का आणि हे थांबणार कधी.

मी १९ वर्षं पाळणाघर चालवतेय, एक ते तीन वर्षांची मुलं. डॉक्टर नाहीये हे आधीच सांगते, जिथे डॉक्टरांचं काम आहे तिथे तसं लिहिलंय. आणि माझ्या मते तुमचा खरा प्रश्न मुलाचा नाहीच, तो तुमच्या ‘नाही’चा आहे. दिवसातून दोनशे वेळा उच्चारलेल्या शब्दाला काही वजन राहत नाही हो. टिश्यूच्या डब्यालाही ‘नाही’, चपलेलाही ‘नाही’ आणि उकळत्या पातेल्यालाही तेच ‘नाही’, त्याच सुरात, मग त्या पोराने फरक कसा करायचा?

सगळ्यांना एकच उपाय लागू पडतो असं मी म्हणणार नाही. घर भाड्याचं असेल तर भिंतीला भोकं पाडता येत नाहीत. मोठं भावंड असेल तर त्याचे बारीक बारीक ब्लॉक्स घरभर असतात आणि त्याला दिवसभर ‘उचल उचल’ करणंही अन्यायाचं आहे. तुम्ही एकट्या सांभाळताय की सोबत कोणी आहे, घरून काम करताय का, यावरही बरंच काही ठरतं. शिवाय मुलं मुळातच वेगवेगळी असतात, माझ्याकडे एकाच महिन्यात जन्मलेली दोन मुलं होती, एक दार उघडं दिसलं की बाहेर आणि दुसरा त्याच दारापाशी बसून अर्धा तास बिजागरी बघत बसायचा. तुमचा पहिल्या जातीचा दिसतोय.

आधी ते हसणं घेऊ, कारण सगळ्यात जास्त राग त्याचा येतो. हात वस्तूजवळ नेऊन मागे वळून तुमच्याकडे बघणं, ही चिथावणी वाटते पण ती बहुतेक वेळा विचारणा असते. १९८५ साली एक प्रयोग झाला होता, एक वर्षाच्या मुलांना एका टेबलावर ठेवलं, त्यावर जाड काच, आणि अर्ध्यातून पुढे काचेखालची जमीन खाली गेलेली दिसायची. म्हणजे पडण्याची भीती नाही पण दिसतं मात्र तसं. पलीकडे आई उभी. मुलं कडेपर्यंत आली, थांबली, आणि आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. आई हसरी होती तेव्हा १९ पैकी १४ मुलं काचेवरून पलीकडे गेली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. या वयात जग कसं आहे हे ती आपल्या तोंडावर वाचत असतात. आता तुमच्या घरात बघा, तुम्ही ‘नाही’ म्हणताना अर्धवट हसत असाल (तो गोडच दिसतो, मला माहितीय), किंवा दुसऱ्या खोलीतून तोंड न दाखवता ओरडत असाल, तर त्याला वाचायला नीट काही मिळतच नाही. मग तो पुन्हा करून बघतो, उत्तर तेच येतं का ते.

आणि कळलं तरी थांबता येत नाही ही दुसरी गोष्ट. माझ्याकडची एक मुलगी स्विचबोर्डकडे जाताना स्वतःच मान हलवून ‘नाई नाई नाई’ म्हणायची आणि म्हणता म्हणता बोट लावायची. म्हणजे नियम पाठ आहे, शब्द कळतोय, पण हाताला ब्रेक नाही. हा ब्रेक मेंदूच्या पुढच्या भागात असतो आणि तो भाग पुरता तयार व्हायला विशी उलटून जावी लागते, तुमच्या मुलाची तर नुकती सुरुवात आहे. त्यामुळे ‘मुद्दाम’ हा शब्द काढूनच टाका. तुम्हाला त्रास द्यायचा बेत आखण्याइतकं डोकं अजून त्याच्याकडे नाही.

चमचा टाकण्यासारख्या खेळाचा तर अभ्यासही झालेला आहे. जाँ पियाजे नावाचा स्विस संशोधक होता (१८९६ ते १९८०), त्याने स्वतःच्याच तीन मुलांकडे तासन्‌तास बघून नोंदी केल्या. त्याचं म्हणणं, साधारण १२ ते १८ महिन्यांत मुलं तीच कृती परत परत करतात, पण दर वेळी थोडी बदलून. उद्या तुम्ही चिडायच्या आधी जरा बघा. एकदा सरळ खाली, एकदा बाजूला, एकदा जोरात, एकदा नुसता सोडून दिलेला, एकदा तुमच्याकडे बघत आणि एकदा चमच्याकडे बघत. मी एकदा मोजलं होतं, एका मुलाने एकच झाकण १४ वेळा टाकलं आणि पंधराव्यांदा टाकायच्या आधी कान जमिनीजवळ नेला. तो आवाजाचा प्रयोग चालला होता आणि मी मधेच उचलून दिलं असतं तर तो वाया गेला असता. अर्थात जेवताना ताटासकट हा प्रयोग चालू द्यायचा असं नाही, ते पुढे येतं.

आता घर. माझा सगळा भर इथे आहे, मुलाला शिकवण्याच्या आधी घर बदला. आणि घर उभं राहून बघायचं नाही, गुडघ्यांवर बसून, अक्षरशः रांगत बघायचं. अर्धा तास लागतो आणि आपण थक्क होतो, टेबलाखालून लोंबणारी चार्जरची वायर, कपाटाच्या खाली गेलेला स्क्रू, सोफ्याच्या फटीतलं नाणं. हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर असतं, आपल्या नाही.

धोक्याच्या गोष्टी थोड्या आहेत पण त्यात तडजोड नाही. पहिली म्हणजे ड्रॉवरचं कपाट. तुम्ही लिहिलंय तो खालचे ड्रॉवर उघडतो, म्हणजे एक दिवस त्याला कळणार की उघडे ड्रॉवर म्हणजे पायऱ्या. दोन-तीन उघडे आणि त्यावर मूल चढलेलं, की अख्खं कपाट पुढे येतं, आणि मूल खाली सापडतं. कपाटाला आणि टीव्ही स्टँडला मागून एल पट्टी किंवा बेल्ट लावून भिंतीत स्क्रू मारून घ्या. भाड्याचं घर असेल तर मालकाशी बोला, दोन भोकं बुजवता येतात. तोपर्यंत जड सामान सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये आणि वरचे कुलूपबंद, हे तात्पुरतं आहे हं, उपाय नाही.

दुसरी गोष्ट पाणी. भरलेली बादली बाथरूममध्ये ठेवायची नाही, बस. या वयात डोकं बाकी शरीराच्या मानाने जड असतं, वाकून बघताना तोल गेला की डोकं आत जातं आणि परत वर येता येत नाही, चार-पाच सेंटिमीटर पाणीसुद्धा पुरतं. आणि आवाज येत नाही, सिनेमात दाखवतात तसा आरडाओरडा होत नाही.

तिसरी, बारीक वस्तू. टॉयलेट पेपरच्या रोलचा आतला पुठ्ठा असतो ना, त्यातून जे आरपार जातं ते त्याच्या हाताला लागता कामा नये, हा घरगुती नियम चांगला आहे. अख्खी द्राक्षं आणि दाणे यांनाही हाच नियम, द्राक्ष उभं चिरून द्यायचं. छोटे गोल लोहचुंबक घरात नकोतच, दोन गिळले तर पोटात आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना ओढून मधली आतडी चिमटतात.

आणि बटण सेल, म्हणजे ते नाण्यासारखे चपटे गोल सेल. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण माझ्यावर बेतलंय. माझी मुलगी दीड वर्षाची होती, मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याचा सेल बदलला आणि जुना ओट्याच्या कडेला ठेवला, नंतर टाकू म्हणून. पाच मिनिटांनी बघते तर ही खाली बसलेली, ओठ घट्ट मिटलेले, डोळे मोठे. मला कळलंच. आणि मी, त्या वेळी आठ वर्षांचा अनुभव असलेली बाई, जिवाच्या आकांताने ओरडले, ‘थूक!’ तिने काय करावं, घाबरून ओठ आणखी आवळले आणि उलटी पळाली. मग कसं सुचलं माहिती नाही, मी खाली बसले आणि स्वतःचा आ वासला, मोठ्ठा, खेळात करतो तसा. तिनेही वासला. सेल जिभेवर दिसत होता म्हणून बाजूने बोट घालून बाहेर काढता आला. दिसत नसेल तर बोट घालायचं नाही, वस्तू आणखी आत जाते. आणि गिळल्याची नुसती शंका जरी असली तरी वाट बघायची नाही, उलटी करवायची नाही, तडक हॉस्पिटल आणि एक्स-रे. सेल अन्ननलिकेत अडकला की ओल्या पेशींमधून करंट वाहतो, तिथे कॉस्टिक सोड्यासारखा दाहक पदार्थ तयार होऊन भाजल्यासारखी जखम होते, दोन तासांत गंभीर. सेल ‘संपलेला’ असला तरी. रिमोट, गाडीची किल्ली, दिवे लागणारी खेळणी, म्युझिकवालं ग्रीटिंग कार्ड, सगळ्यांची झाकणं आजच तपासा. स्क्रूचं झाकण नसेल तर चिकटपट्टी, आणि तरीही उंचावर.

गॅसबद्दल. बटणं निघत असतील तर वापर झाला की काढून ठेवा, पातेल्यांचे दांडे आतल्या बाजूला वळवा आणि मागचा बर्नर आधी वापरा. भाजलंच तर नळाचं साधं गार वाहतं पाणी, पूर्ण २० मिनिटं, बर्फ नाही टूथपेस्ट नाही, आणि मग डॉक्टर. सॉकेटला ती छोटी प्लास्टिकची बुचं लावता तेव्हा ती त्याला उपटता येत नाहीत ना ते बघा, कारण ते बूच स्वतःच तोंडात जाण्याच्या मापाचं असतं.

एवढं झालं की तुमची ‘नाही’ची यादी आपोआप खाली येते. माझ्या पाळणाघरात खरी ‘नाही’ तीनच आहेत. गरम, दाराबाहेर, आणि दुसऱ्याला लागेल असं. तुमच्या घरी गॅस, बाल्कनी आणि चावणं असेल. ती तीन मात्र घरातल्या प्रत्येकाने एकाच शब्दात, एकाच चेहऱ्याने म्हणायची. खोलीच्या दुसऱ्या टोकाहून नाही, उठून जवळ जायचं, त्याच्या उंचीवर बसायचं, न हसता न ओरडता ‘गरम. नाही.’ आणि हात धरून बाजूला न्यायचं. हे पुन्हा पुन्हा करावं लागणार, शंभरदा. मला विचाराल तर नुसतं बोलून थांबेल अशी या वयाच्या मुलाकडून अपेक्षाच ठेवू नका, शब्द आणि आपले हात दोन्ही बरोबर गेले पाहिजेत.

बाकी सगळ्याला ‘नाही’ऐवजी दुसरी जागा द्या. आणि इथे लोक एक गडबड करतात, तो ड्रॉवर उपसतोय तर हातात टेडी देतात. त्याला टेडी नकोय, त्याला उपसायचंय! तो जी क्रिया करतोय ती ओळखा आणि तीच क्रिया चालेल अशा ठिकाणी न्या. फेकतोय तर बादलीत फेकायला मोजे किंवा मऊ बॉल. ओततोय तर आंघोळीच्या वेळी दोन मग, तुमच्या डोळ्यांसमोर. उपसतोय तर स्वयंपाकघरातला सगळ्यात खालचा एक ड्रॉवर त्याच्या नावाचा, त्यात खरीखुरी भांडी, चार-पाच झाकणं, लाकडी चमचा, बंद न होणारा डबा, जुनं पाकीट. खेळण्यातली भांडी नकोत, ती त्याला लगेच कळतात. दर आठवड्याला दोन वस्तू बदला. जेवताना चमचा पडला तर दोनदा उचलून द्या, तिसऱ्यांदा ‘चमचा झाला’ म्हणून बाजूला ठेवा आणि हाताने जेवू द्या. रागावायचं नाही, नुसतं संपलं.

आणि एकदा तो कशात गुंतला की कृपा करून मधे पडू नका. मागच्याच आठवड्यातली गोष्ट, १६ महिन्यांची एक मुलगी गोल डब्यावर झाकण बसवत होती. उलटं ठेवलं, आपटलं, झाकण गोल फिरत लांब गेलं, जाऊन आणलं, कडा तोंडात घालून बघितली, परत उलटं ठेवलं. माझी नवीन मदतनीस दोनदा पुढे सरसावली, दोनदा मी तिला डोळ्यांनी थांबवलं. बारा मिनिटं झाली. मग कधीतरी ते सुलटं बसलं, टक्क असा आवाज आला, आणि त्या मुलीने इकडेतिकडे बघितलंसुद्धा नाही, लगेच काढलं आणि परत बसवायला घेतलं. टाळ्या वाजवायची गरजच नव्हती, उलट टाळ्या वाजवल्या असत्या तर ती थांबून आमच्याकडे बघत बसली असती.

धपाट्याबद्दल आजींना काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा, घरातली माणसं मला माहीत नाहीत. मी एवढंच बघितलंय की मार खाल्लेलं मूल वस्तूपासून लांब राहायला शिकत नाही, मारणाऱ्यापासून लांब राहून वस्तू हाताळायला शिकतं. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं, आणि आपल्याला दिसत नाही, जे जास्त धोक्याचं. आजींना सोबत घ्यायचं असेल तर वाद घालू नका, त्यांना ती तीन ‘नाही’ ठरवायला बसवा. स्वतः ठरवलेला नियम माणूस पाळतो.

सगळ्यात अवघड वेळ म्हणजे तुम्ही कामात आणि तो पायात. इथे मोबाईल हातात जातो, माझा त्यावर राग नाही, पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय ते असं की एक वर्षाच्या मुलांना स्क्रीन नकोच आणि दोन वर्षांनंतरही दिवसाला एक तासाच्या आत, तेही जितकं कमी तितकं बरं. त्याच ठिकाणी हेही म्हटलंय की या वयात दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल हवी आणि एका वेळी तासापेक्षा जास्त खुर्चीत किंवा बाबागाडीत बांधून ठेवू नये. हे वाचून मला नेहमी वाटतं की अर्धे ‘उपद्व्याप’ हे न झालेल्या हालचालीचं देणं असतं. तुमच्या कामाच्या आधी वीस मिनिटं त्याला जोरदार पळवा, चढू द्या, उशांच्या ढिगावर उड्या मारू द्या, आणि मग कामाला लागा. मग त्याला तुमच्याच शेजारी तुमच्यासारखं काम द्या, ओला फडका आणि पुसायला एक खुर्ची. पुसलं जात नाही, ओलं होतं, होऊ दे. दहा मिनिटं मिळतात, कधी पंधरा. झोपही बघा, दुपारची धरून ११ ते १४ तास हवी, कमी झोपलेलं मूल संध्याकाळी जास्त सुटतं, पेंगत नाही, हे नव्या पालकांना पटकन लक्षात येत नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं तेही सांगते. उचापती करणं हे काळजीचं नाही. पण १८ महिन्यांपर्यंत तो बोट करून तुम्हाला काही दाखवत नसेल, हाक मारल्यावर बहुतेक वेळा बघत नसेल, किंवा येत असलेले शब्द बोलायचा थांबला असेल तर थांबू नका, दाखवून घ्या. तुमच्याकडे वळून बघतो, हसतो, हे तुम्ही लिहिलंय ते मला ऐकायला छान वाटलं. तोंडात घालणं या वयात चालायचंच, पण दोन वर्षांनंतरही माती, खडू, भिंतीचे पोपडे नेमाने खात असेल तर रक्तातलं लोह तपासायला सांगतात.

आता थांबणार कधी. साधारण अडीच-तीन वर्षांच्या आसपास हात थोडे शांत होतात आणि तोंड सुरू होतं. ‘हे काय?’ आणि मग ‘का?’, दिवसाला दोनशे वेळा. तेव्हा परत लिहालच, मला माहितीये. सध्या एवढंच करा की या शनिवार-रविवारी नवऱ्याला ‘सोड ना’ म्हणायच्या ऐवजी ड्रिल मशीन हातात द्या आणि ते ड्रॉवरचं कपाट भिंतीला बसवून घ्या. बाकीचं हळूहळू केलं तरी चालेल, ते मात्र या आठवड्यात.